तुह्या मायले सांग

आमच्या घरी सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायची पद्धत नव्हती. भांडण नव्हतं हो, पद्धत होती. मी लग्न होऊन जानेफळला आले तेव्हा सासूबाई होत्या. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर बसून त्यांना म्हणत, "सुनबाईले सांग, चहा मांड." सासूबाईंनी तोंड उघडायच्या आत माझं आधण चढलेलं असे, कारण मामाजींचा आवाज बैलबाजारात कमावलेला. सगळा जन्म त्यांनी दलालीत काढला. त्यांनी ओट्यावरून हाक मारली की पार बसस्टँडवरचा माणूस मागे वळून पाही. तरी निरोप मात्र सासूबाईंमार्फतच यायचा.

सासूबाई गेल्या आणि मामाजींची मोठी पंचाईत झाली. थोडे दिवस त्यांनी गोठ्यातल्या गाईमार्फत कारभार चालवला. "गाय वो, आज चहा भेटते का नाई, काई समजत नाई बाप्पा," असं ते गाईला म्हणत. गाय रवंथ करत राही आणि मी चहा नेऊन ठेवी. मग आमची मुलगी झाली, ती बसायला लागली आणि मामाजी सुटले. "बाई, तुह्या मायले सांग, वरणात मीठ नाई." "बाई, तुह्या मायले सांग, माह्या दुपट्टा कुठी ठुला?" पोरगी बोळक्या तोंडानं हसायची आणि मी दुपट्टा शोधून द्यायची.

पोरगी दीड-दोन वर्षांची झाली तरी हाकेला वळेना, तेव्हा तिला खामगावला दाखवलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हिला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. एसटीत आम्ही नवराबायको शेजारी बसून रडत आलो. कंडक्टरनंसुद्धा तिकिटाचे पैसे दबकत मागितले. घरी आल्यावर नवऱ्यानं मामाजींना सांगितलं, मी दाराआड उभी. मामाजी डोक्याला हात लावून संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून राहिले. दिवेलागणीला उठले, नातीला मांडीवर घेतलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि जड आवाजात तिला म्हणाले, "बाई, तुह्या मायले सांग, चहा मांड."

मी चहा मांडला.

मी जातीची तापट. घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, आणि गावात माझ्या शिलाईइतकंच माझ्या तोंडाचंही नाव आहे. देवानं मला असं तोंड दिलं आणि जिला आयुष्यभर बोलायचं तिलाच कान दिले नाहीत, याचा मला देवाचा भयंकर राग आला. वर्षभर मी देवाला नुसता दिवा लावला, बोलले एक अक्षर नाही. त्याला काही फरक पडल्याचं दिसलं नाही. मग मीच माघार घेतली, कारण तापट माणसाला अबोला फार जड जातो.

सल्ले देणाऱ्यांना तर ऊत आला होता. कोणी म्हणालं, पोपटाचा उष्टा पेरू खाऊ घाला, वाचा फुटते. मागच्या गल्लीत एकांकडे पोपट होता. मी रोज एक पेरू घेऊन त्याच्या पिंजऱ्यापुढे जाऊन बसायची. तो पोपट इतका हावरट की उष्टं काही ठेवायचाच नाही. एकदा ओढून घ्यायला गेले तर बोटाला कडकडून चावला. एवढं करून हाती लागलेली फोड पोरीनं तोंडात घेतली आणि थू करून टाकली. पोपट तेवढा जाड झाला. बोलत तर तोही नव्हता, हे माझ्या ध्यानात जरा उशिराच आलं.

मग कानाचं मशीन आणलं. त्याचा तिला फार उपयोग नव्हता आणि आवड तर मुळीच नव्हती. एकदा ते दुपारभर सापडेना. पिठाच्या डब्यात पाहिलं, चुलीमागं पाहिलं. शेवटी सापडलं ते गाईच्या कानात. पोरीनं तिच्या केसाची पिन लावून ते पक्कं बसवलं होतं. खोटं कशाला बोलू, गाईच्या तोंडावर काहीतरी ऐकल्याचा भाव होता. मामाजी तिला इतके दिवस काय सांगत होते ते तिला बहुतेक तेव्हा कळलं असेल.

माझ्या नवऱ्याचं गावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. जगातला प्रत्येक प्रश्न मोबाइलमध्ये सुटतो असं त्याला वाटतं. त्यानं हातांच्या खुणा शिकवणारे व्हिडिओ काढले आणि रोज जेवण झाल्यावर आमची शाळा भरायला लागली. त्यातली गोरी बाई मोठी हसतमुख होती. तिनं आम्हाला 'बर्फ पडतोय' शिकवलं, 'समुद्रकिनारा' शिकवलं, 'लोणी लावलेला पाव' शिकवला. आम्ही तिघं मन लावून बर्फ पाडत बसायचो. भाकरीची खूण काही त्या बाईकडे निघेना. ठेचा तर तिनं जन्मात पाहिला नसावा.

शेवटी आमचं आम्हीच केलं. दोन हातांनी थापलं की भाकरी. जीभ बाहेर काढून तिला वारा घातला की ठेचा. माणसांची नावं मात्र पोरीनं स्वतः ठेवली आणि तिथं आमची लाज निघाली. बापाची खूण जांभई. शेजारच्या काकूंची खूण वाटी पुढे करणं, कारण त्या रोज काहीतरी उसनं न्यायला येत. त्या कौतुकानं विचारायच्या, "माह्यं नाव काय ठुलं वो तिनं?" मी म्हणायची, "काकू, तुमचं नाव म्हणजे भरलेली वाटी. अन्नपूर्णा!" काकू खूश. मामाजींची खूण खांद्यावर दुपट्टा टाकणं. आणि माझी? दोन्ही डोळे वटारायचे, बस. एवढ्या सगळ्या आईपणातनं पोरीनं नेमकं ते उचललं.

ऐकू न येणाऱ्या लेकराला हाक कशी मारायची, हे कोणी शिकवत नाही. आम्ही पाय आपटायला लागलो. फरशी हादरली की ती वळून पाहायची. ते नाही जमलं तर दिवा चालू-बंद करायचा, आणि तेही नाही तर चिंध्यांचा चेंडू फेकायचा. माझ्याकडे चिंध्यांना तोटा नाही. नेम असा बसला की पुढे मी नवऱ्यालाही चेंडू फेकूनच बोलवायला लागले. माहेरी गेले तर तिथंही सवयीनं पाय आपटला. वहिनी घाबरून म्हणाली, "काय झालं वो, काऊन रागावल्या?" मी रागावले नव्हते, मला पाणी हवं होतं.

एक फायदा झाला. आम्हा नवराबायकोला लग्नाच्या मांडवात या टोकापासून त्या टोकापर्यंत भांडता येऊ लागलं. एका हळदीला त्यानं पंगतीतून मला खूण केली की जिलबी सुंदर आहे, मी त्याला बायकांमधून खूण केली की साखर वाढलेली आहे, हात आवर, नाहीतर घरी चल, दाखवते. सगळी हळद आमच्याकडे पाहत होती. एक म्हातारी म्हणाली, "किती बाई पिरेम हाय दोघायचं."

या सगळ्यात मामाजी मात्र सामील नव्हते. हात हलवणं त्यांना मंजूरच नव्हतं. "घरात माणसं राह्यतात का माकडं?" असं ते नातीला विचारत. त्यांचा उपाय सोपा होता. पोरीला ऐकू येत नाही, तर मोठ्यानं बोलायचं. "बाई, जेवाले ये वो!" असं ते ओट्यावरून ओरडत. आमची पोरगी समोरच पाठमोरी बसून मातीत खेळत राही, पण गल्लीतली दोन-तीन पोरं धावत येऊन पानावर बसत. मी त्यांना वाढायची. काकूंचा धाकटा तर आमच्याकडेच बाळसेदार झाला.

मला वरून हसू यायचं आणि आतून वाईट वाटायचं. नवरा दुकानात, मी मशीनवर, दिवसभर पोरीजवळ असायचे ते मामाजीच. जीव तर असा लावायचे की तिला शिंक आली तर स्वतःचा दुपट्टा तिच्या नाकाला. पण दोघांमध्ये एक शब्द नव्हता. ती खुणा करायची, हे मान फिरवायचे. हे ओरडायचे, ती त्यांच्या तोंडातले पडलेले दात मोजायची.

ते मोडलं ते एका चाचांमुळे. चाचा म्हणजे मामाजींचे बाजारातले जुने जोडीदार. खामगावकडचे, आता थकलेले, वर्षातून एकदा भेटायला यायचे. त्या दिवशी दोघं ओट्यावर बसले, चहा झाला, आणि काकूंच्या घरचा गोऱ्हा विकायचा होता म्हणून त्याच्या किमतीचा विषय निघाला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोन दलाल हातात हात देतात, वरून दुपट्टा टाकतात आणि आत बोटं धरून, दाबून सौदा करतात. तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा चालू असतात. आजूबाजूला माणसं उभी असली तरी कुणाला आकडा कळत नाही. आणि दुपट्ट्याखाली डोकावून पाहणं म्हणजे बाजारातलं महापाप. डोकावणाऱ्याला मार पडलेला मामाजींनी पाहिलाय म्हणे.

तर मामाजींनी दुपट्टा टाकला. चाचा म्हणाले, "क्या बोलते पाटील, औंदा कपास कैसी है?" मामाजी म्हणाले, "बोंडअळीनं वाट लावली." आत बोटं चालू. आमची पोरगी तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. ती समोर उभी राहून त्या हलणाऱ्या दुपट्ट्याकडे पाहत होती. घरात हात हलवायला बंदी घालणारा आपला म्हातारा हात लपवून काहीतरी करतोय, हे तिनं ओळखलं. ती पुढं झाली आणि कमरेत वाकून तिनं सरळ डोकं दुपट्ट्याखाली घातलं.

मी खिडकीतून पाहिलं तर दोन म्हातारे आणि मध्ये दुपट्ट्यात एक डोकं. चाचा ओरडले, "अरे, ये कौन घुसा सौदे में!" मामाजी बावचळले. पोरगी दुपट्टा डोक्यावर तसाच ठेवून वर आली आणि तिनं मामाजींची बोटं जशीच्या तशी धरून दाखवली. एक बोट सोडलं, एक दाबलं, तळव्यावर अंगठा टेकवला. चाचांनी आ वासला. म्हणाले, "पाटील, छोकरी ने तो पूरा भाव बोल दिया!"

मामाजींनी चाचांचा हात सोडला, नातीचा धरला आणि दुपट्टा सारखा केला.

त्या दिवसापासून घरात आमची किंमत संपली. सकाळ झाली की आजोबा-नात ओट्यावर, मध्ये दुपट्टा. पहिल्यांदा नुसते आकडे होते. शेंगदाण्याच्या चिक्कीचा सौदा चालायचा, ती जास्त मागायची, हे कमी करायचे, मग हात सोडून दोघं खिशाकडे जायचे. पुढे पुढे आकड्यांचं काय काय झालं ते त्यांनाच ठाऊक. तळव्यावर बोटं गोळा केली की जेवण. मनगट घासलं की गाय. नख टोचलं की मी. अंगठा दाबला की हो. ही एवढी माहिती मला नवऱ्याकडून मिळाली आणि त्याला ती कशी मिळाली ते तो सांगेना. बाकी सगळं गुपित. दुपट्टा हलायचा, मग दोघं खो खो हसायचे आणि दोघांची नजर माझ्याकडे वळायची.

माझा असा जळफळाट झाला! बर्फ पाडायला आम्ही शिकलो, भाकऱ्या आम्ही थापल्या, पोपट मला चावला, आणि गप्पा मारायला हे! मी एकदा जाता जाता दुपट्ट्याचं टोक उचलायला गेले तर मामाजी नातीला म्हणाले, "बाई, तुह्या मायले सांग, सौद्यात डोकं घालत नसतात." नवऱ्यानं तर अक्कल लढवली. मोबाइल रेकॉर्डिंगवर लावून त्यानं तो हळूच दुपट्ट्याखाली सरकवला. नंतर आम्ही दोघांनी दार लावून ते पाहिलं. काळोख, काळोख, मग मामाजींचा अंगठा, आणि मग मामाजींचा आवाज, "बाई, तुह्या बापाचा फोन हाय, याच्यावर बस." पुढचं रेकॉर्डिंग ती बसल्याचं होतं.

पण चिक्कीवर आणि हसण्यावर सगळं भागत नाही. पोरगी गावातल्या शाळेत जायची. फळ्यावरचं मोत्यासारख्या अक्षरात उतरवायची आणि त्यातलं एक अक्षर तिला कळायचं नाही. गुरुजी म्हणायचे, "वर्गातली सगळ्यात शांत मुलगी." ते ऐकून मी घरी येऊन उलटी शिवण मारली आणि अख्खं ब्लाउज उसवत बसले. बुलढाण्याला ऐकू न येणाऱ्या मुलांची एक निवासी शाळा आहे, तिथं तिला घालायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं. ठरवलं म्हणजे मी ठरवलं, त्यानं जांभई दिली नाही, एवढंच.

मामाजी पेटले. नातीला समोर बसवून म्हणाले, "बाई, तुह्या मायले सांग, पोरगी कुठी जाणार नाई."

त्या दिवशी माझाही तोल गेला. मीही पोरीच्याच तोंडाकडे पाहून म्हटलं, "बाई, तुझ्या आबांना सांग, पोरीला शिकायचंय."

"बाई, तुह्या मायले सांग, घरी काय खायाले नाई का?"

"बाई, तुझ्या आबांना सांग, नुसतं खाऊन माणूस होत नाही, पोपट होतो!"

"बाई, तुह्या मायले इचार, पोपट कुठून आला?"

पोरगी आमच्या मध्ये बसून एकदा या तोंडाकडे, एकदा त्या तोंडाकडे पाहत होती. तिला एवढंच कळत होतं की दोघंही आपल्याशी फार रागानं बोलतायत आणि आपण तर काही केलं नाही. तिचा ओठ थरथरायला लागला. तेव्हा मामाजी, कुणालाच नाही असं, म्हणाले, "बाजार पाह्यल्याबिगर सौदा नाई करत मी."

म्हणून शाळा पाहायला मामाजीही आले. धोतर, टोपी, खांद्यावर नवा दुपट्टा. आम्ही पोचलो तेव्हा मुलांची जेवणाची सुट्टी होती. व्हरांडाभर मुलं आणि सगळ्यांचे हात चाललेले. कोणी भांडतंय, कोणी चिडवतंय, एक पोरगा हातांनी कसली तरी लांबच लांब गोष्ट सांगतोय आणि पाच-सहा जणी पोट धरून हसतायत. आमची पोरगी क्षणभर दारात थांबली. मग तिनं एका मुलीपुढे जाऊन आमच्या व्हिडिओतला बर्फ पाडून दाखवला. तिथल्या बाई हसत मला म्हणाल्या, "अहो, ही मुलगी कोणत्या देशातून आणली?"

मामाजी खांबाला टेकून उभे होते. एक चिमुरडा त्यांच्यापुढे येऊन हातांनी काहीतरी विचारायला लागला. मामाजी मोठ्यानं म्हणाले, "काय म्हणतं रे लेका?" त्यानं पुन्हा विचारलं. मामाजी आणखी मोठ्यानं म्हणाले. त्या पोरानं दुसऱ्याकडे पाहून खांदे उडवले आणि दोघं यांना हसून पळाले. मामाजी टोपी काढून हातात घेऊन उभे राहिले. परतीच्या एसटीत मेहकर येईपर्यंत ते टोपी हातातच घेऊन बसले. मग नातीला म्हणाले, "बाई, तुह्या मायले सांग, त्या तिथं मीच मुका होतो."

मामाजी राजी झाले, पण पोरगी बिथरली. आई-बाप तिथं ठेवून परत जाणार, हे तिला उमगलं होतं. मी पेटी भरायची, ती रिकामी करायची. कपडे पुन्हा दोरीवर, आणि पेटीत काय, तर खलबत्त्यातला बत्ता, मामाजींची जुनी चप्पल आणि पळी. मी समजावलं, नवऱ्यानं चित्रं काढून समजावलं. मी डोळे वटारले, तर तिनं माझ्याहून मोठे वटारले. तिला धरून-बांधून न्यायची माझी छाती नव्हती, आणि न नेलं तर तिचं अक्षर तेवढं सुंदर होत राहणार होतं. मशीनवर बसून मी रडायची. मशीनचा आवाज चालू ठेवायची म्हणजे बाहेर कळत नाही, असा माझा समज होता.

एके सकाळी मामाजींनी ओट्यावर दुपट्टा टाकला. पुष्कळ वेळ तो हलत होता. एकदा पोरीनं हात ओढून घेतला आणि उठून गेली. मामाजी बसून राहिले. ती परत आली. पुन्हा दुपट्टा. या वेळी मामाजींनीच हात ओढला, डोकं हलवलं, कानाची पाळी धरली, इकडं तिकडं पाहिलं. पोरगी हात पुढं करून तशीच बसलेली. शेवटी मामाजींनी नाकातून मोठा श्वास सोडला, हात परत आत घातला आणि दोघांनी हात जोरात हलवला. सौदा तुटला, म्हणजे ठरला. पोरगी उठली, पेटीतून बत्ता काढून जागेवर ठेवला आणि आपले फ्रॉक घडी घालून भरायला लागली.

आता हिनं काय मागून घेतलं, या काळजीनं आमची झोप गेली. नवऱ्यानं विचारलं, तर "सौदा सांगत नसतात" हे उत्तर. मोबाइल असणार, असं नवरा म्हणाला. मला वेगळाच संशय होता. काकूंचा गोऱ्हा अजून विकला गेला नव्हता, तिला त्याचा फार लळा होता आणि मामाजी बाजाराच्या दिवशी टोपी घालून निघाले, तेव्हा माझी खात्रीच पटली. मी गोठ्याच्या दारात कमरेवर हात देऊन उभी राहिले. सगळं बोलणं तयार होतं, अगदी गाईलासुद्धा उद्देशून. मामाजी परत आले ते रिकाम्या हातांनी, फक्त काखेत एक नवा दुपट्टा, लहान, लाल काठाचा. तो त्यांनी पोरीच्या पेटीत सगळ्यात वर ठेवला. माझं तयार केलेलं सगळं भाषण वाया गेलं.

तिला पोचवून आलो. निघताना ती रडली नाही, मी रडले. तिनं माझ्या हाताच्या तळव्यावर बोटं गोळा करून टेकवली आणि आत पळाली. मला त्या वेळी काही सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात असा सुन्नपणा होता की मशीनवर बसवेना. नवरा दुकानात गेला. ओट्यावर मामाजी खाकरले. थांबले. "बाई," म्हणाले आणि गप्प झाले. मग गोठ्याकडे पाहून "गाय वो" म्हणाले, तेही अर्धवटच. मी चहा नेऊन ठेवला. त्यांनी तो गार होऊ दिला. दुपारी त्यांचं पान वाढलं, ते नुसते भात चिवडून उठले. मी झाकून ठेवलं. मला तर पानावर बसावंसंही वाटलं नाही.

संध्याकाळी मामाजी घरात आले. ओट्यावरून आत, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ते कधी येत नसत. मी पदर सावरून उठले. त्यांनी दारातच पाट ओढला, बसले, खांद्यावरचा दुपट्टा काढून गुडघ्यावर पसरला आणि जमिनीकडे पाहत म्हणाले, "आण हात."

मी मागं पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

"तुलेच म्हणून राह्यलो," ते म्हणाले. "पोरीचा सौदा हाय. म्हणे, मी गेल्यावर माय मशीन चालू करून रडते, तिच्यासंग कोण बोलन? तू रोज बोलशीन त जातो. मी म्हटलं, बाई, असं रीतीत नाई बसत. ते म्हणे, मंग मी नाई जात." त्यांनी कानाची पाळी धरली. "शब्द देल्ला मी. आण हात."

मला सगळी भांडणं येतात, हे येत नव्हतं. मी खाली बसले आणि हात पुढं केला. दुपट्ट्याखाली त्यांचा हात आला, खरखरीत, कासऱ्यानं घट्टे पडलेला. या माणसाच्या घरात मी इतकी वर्षं राहिले आणि त्यांचा हात असा गरम असतो हे मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी माझ्या तळव्यावर हळूच नख टोचलं. म्हणजे मी. मग पाची बोटं गोळा करून तळव्यावर टेकवली. पोरीनं काल टेकवली होती तशीच. तेव्हा कुठं मला कळलं की ती जाताना मला विचारून गेली होती, जेवलीस का?

माझ्या डोळ्यांना धार लागली. तरी सवयीनं मी त्यांचा अंगठा दाबला. हो, जेवले.

मामाजींनी हात सोडला नाही. "बैलाच्या सौद्यात लय खोटे हात पाह्यले मी," ते म्हणाले. "ऊठ, वाढून घे."

मी उठले, ताट घेतलं, भाकरी काढली. मामाजी दारातच बसून दुपट्ट्याची घडी घालत होते. घडी झाली, तसं त्यांनी सवयीनं बाजूला वळून "बाई, तुह्या मायले सांग" म्हणायला तोंड उघडलं. बाजूला कोणी नव्हतं. मग ते मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाले, "मले बी वाढ."